माया

मुसल्लम खजुराच्या गोणीतून ससे आणतो.
रात्री ट्रकखाली आलेले, सलालाच्या रस्त्यावरचे.
प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी: कुठे, किती वाजता,
वारा कुठून होता.
वाऱ्याचं कुणी विचारलेलं नसतं.
तो लिहितो.

हैमा. बाहेर गोट्यांचं माळरान,
इतकं सपाट, की पाण्याचा टँकर
येण्याआधी पाऊण तास दिसत राहतो.
आत मी, टेबल, व्हर्नियर
आणि डॉक्टरबाईंचा लांबलचक तक्ता.

मागचं पाऊल: नखासकट, मग नखाविना.
कान: खाचेपासून टोकापर्यंत,
टोकाचे केस धरायचे नाहीत.
शेपूट ताणायची नाही.
कवटी उकळून, वाळवून, मग
गालाच्या हाडांमधली रुंदी,
कानामागचा फुगीर घुमट.
रेतीतल्यांचा मोठा, म्हणे,
दूरचं ऐकावं लागतं त्यांना.

अप्पा सिन्नरला ब्लाउज शिवायचे.
टेप गळ्यात, खडू कानावर.
मी आठ वर्षांची, वही घेऊन शेजारी.
छाती छत्तीस. बाही साडेनऊ.
"आत दीड बोट माया सोडायची," ते म्हणायचे,
"बाईमाणूस आहे. भरेल, सुकेल, बाळंत होईल.
उसवायला जागा नको?"

इथे माया सोडत नाहीत.
इथे दशांश चिन्हापुढे दोन आकडे.
कान एकशे बारा पूर्णांक चाळीस: रेतीचा ससा.
अठ्ठ्याण्णव पूर्णांक दहा: गोट्यांचा.
याला तुमच्या भाषेत काय म्हणतात,
डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं.
उपप्रजाती म्हणायचं होतं,
तोंडातून आधी निघालं: पोटजात.

तो शब्द मी एकाच कागदावर पाहिला होता.
उंची पाच दोन. रंग निमगोरा. पोटजात, दोन टिंबं,
पुढे रिकामी रेघ.
येवल्याच्या स्थळाचं बाकी सगळं जुळलं होतं,
मुलाला माझं हसणंसुद्धा आवडलं होतं.
त्या एका रेघेवर त्याच्या काकांनी बोट ठेवलं.
मोजायला हवं होतं ते बोट.
नखासकट.

आज गोणीत एकच.
ससीण. पेट्रोल पंपामागे मिळाली,
एसीचं पाणी ठिबकून जिथे
हातभर हिरवळ झाली आहे.
अंगावर जखम नाही. चिठ्ठीवर: वारा पडलेला.

कान रेतीचा. पाऊल गोट्यांचं.
पाठ खिडकीपाशी नेली की रेती,
दिव्याखाली धरली की गोटे.
व्हर्नियर पुसला, शून्यावर आणला, पुन्हा मोजलं.
तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं,
मिलिमीटर, दोन मिलिमीटर.
कान कसा धरता, त्यावर आहे.

मुसल्लम दारात, हातात चहा.
"इसको कौन पूछा?" तो म्हणतो,
"जिधर घास, उधर अरनब."
त्याची आई रेतीकडची,
दुष्काळात उंटांमागून गोट्यांत आलेली.
ससेहोलपट हा शब्द मला त्याला सांगायचा होता.
त्यातला ससा तेवढा समजावता आला,
बाकीचं त्याला आधीच माहीत होतं.

डॉक्टरबाईंचा मस्कतहून फोन:
तक्त्यात बसत नसेल तर बाजूला ठेव.
बाजूला म्हणजे फ्रीजरचा खालचा खण.
पहिल्या रकान्यात नऊ ससे आहेत, दुसऱ्यात सात.
खालच्या खणात आधीच अकरा.
हिला ठेवायला मला
बर्फ खरवडावा लागला.

मग ओळ भरली. पाऊल. कान. शेपूट.
पोटजातीच्या घरात पेन्सिल टेकवली, उचलली.
आणि शेऱ्यात, बारीक अक्षरात,
इथे कुणाला वाचता न येणाऱ्या लिपीत:
माया, दीड बोट.